चार दिवस सिंगापूर : चौघांचं खाणं-फिरणं कसं जमवावं?

तलावपाळी | १४ सप्टेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या आठवड्यात चार दिवस सिंगापूरला जायचं ठरलंय. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि त्र्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. विमानाची तिकिटं काढली, लिटल इंडियाच्या जवळ हॉटेलही घेतलं. अडलंय ते त्यापुढे.

सासूबाई शाकाहारी, अंडंही चालत नाही. गुडघे दुखतात, पण बसत-उठत ठाण्यातल्या तलावपाळीला दोन फेऱ्या मारतात. लेकीला प्राणी बघायचेत. नवऱ्याला मासे लागतात. आणि मला एक नवं शहर नीट बघायचंय. सकाळी आठला बसमध्ये, रात्री आठला बसमधून खाली, हे नकोय.

आधी एका टूरवाल्यांकडे चौकशी केली होती. त्यांच्या कागदावर चारही रात्री एकच जेवण : पनीर, दाल फ्राय, जिरा राइस. हे तर घोडबंदर रोडवर कुठेही मिळतं, त्यासाठी साडेपाच तास विमानात बसायचं? म्हणून स्वतःच जायचं ठरवलं. पण शहर महाग आहे असं जो तो सांगतोय. विमान आणि हॉटेल सोडून दीड लाखाच्या आत बसवायचंय. जमेल का? कुठे खावं, कशाला पैसे द्यावेत, कशाला देऊ नयेत, अनुभव असेल त्यांनी सांगा.

घोडबंदरकर | १४ सप्टेंबर, रात्री १०:४०

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो. माझा सल्ला सरळ आहे : थेपले, चिवडा, रेडी टू ईटची पाकिटं, छोटी किटली. सकाळ आणि रात्र हॉटेलच्या खोलीत, बाहेर फक्त दुपार. आमचा खाण्याचा खर्च निम्म्यावर आला. बरोबर ज्येष्ठ माणूस असेल तर ही तयारी लागतेच.

चरईची | १४ सप्टेंबर, रात्री ११:०५

घोडबंदरकर, दोन-तीन वेळचं नेणं मी समजू शकते, पण आठही वेळा? माझ्या वडिलांना आम्ही असंच नेलं होतं, बँकॉकला. परत आल्यावर कोणीतरी विचारलं, काय खाल्लंत, तर ते म्हणाले, "घरचंच." मला आजही ते लागून राहिलंय. त्यांना नवीन चव आवडली असती की नाही, हे कळायची संधीच आम्ही त्यांना दिली नाही.

मूळ_नौपाडा | १५ सप्टेंबर, सकाळी ६:३०

अकरा वर्षांपासून सिंगापूरला आहे, माहेर नौपाड्यात. आमची घड्याळं तुमच्या अडीच तास पुढे, त्यामुळे इथे ऑफिसला निघण्याआधी लिहितेय. जरा सविस्तर लिहिते.

सिंगापूर महाग आहे ते राहायला, दारूला, गाडीला आणि एसीत बसून जेवायला. खायला महाग नाही. इथली बहुतेक माणसं हॉकर सेंटरमध्ये जेवतात. मोठं छप्पर, खाली पन्नास-शंभर छोटे गाळे, मधे टेबलं. पूर्वी रस्त्यावर खाण्याच्या गाड्या लावणाऱ्यांना सरकारने नळ, गटार आणि छप्पर देऊन एका जागी बसवलं, त्यातून ही सेंटरं झाली. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तीन ते सहा डॉलरमध्ये एका माणसाचं पोट भरतं. एक डॉलर म्हणजे साधारण ७० रुपये धरा.

तुमच्या हॉटेलजवळ टेक्का सेंटर असेल. लिटल इंडिया स्टेशनच्या दाराशीच. तळमजल्यावर एका बाजूला भाजी-मासळीचा बाजार, दुसऱ्या बाजूला खाण्याचे गाळे. सासूबाईंचा नाश्ता तिथेच होईल. डोसा मिळेल, इथे त्याला थोसाई म्हणतात. पुटू मायम नक्की मागा, ते काय आहे हे मी आत्ता सांगत नाही, त्यांना बघू दे.

आता शाकाहाराचं. आपल्याकडचा हिरवा ठिपका इथे नाही. "व्हेज" म्हटल्यावर भाजी येईल, पण तिच्यात सुकी कोळंबी किंवा माशाचा सॉस असू शकतो. लाक्सा दिसायला नारळाच्या रश्श्यासारखा, पण वाटणात कोळंबीची पेस्ट असते. कॅरट केक नाव ऐकून फसू नका : तो मुळ्याच्या वड्या अंड्यात परतून केलेला असतो. काया टोस्टमधला काया म्हणजे नारळाचा जाम, त्यात अंडं असतंच. पराठ्याला इथे प्राटा म्हणतात, सोबत येणारी करी बरेचदा मटणाची किंवा माशाची असते, डाळ मागून घ्या. सगळ्यात भरवशाचे म्हणजे बौद्ध शाकाहारी चिनी गाळे. जवळपास प्रत्येक मोठ्या हॉकर सेंटरमध्ये एखादा असतो. अंड्याचं तिथेही विचारा. सकाळी त्यांच्याकडे बी हून असतं, तांदळाच्या बारीक शेवया परतलेल्या, वर कोबी आणि सोयाचे तुकडे. ते तुकडे चवीला आणि दिसायलाही मटणासारखे असतात, सासूबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या ताट सरकवतील. बसून नीट जेवायचं झालं तर सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं, पूर्ण शाकाहारी.

हॉकर सेंटरच्या रिवाजाच्या तीन गोष्टी. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे, बसू नका. तुम्हीही तसंच धरायचं. खाऊन झाल्यावर ताट स्वतः उचलून ठेवायचं, २०२१ पासून ते सक्तीचं आहे. आणि सुटे पैसे जवळ ठेवा, पुष्कळ गाळ्यांवर परदेशी कार्ड चालत नाही.

बाकी दुपारी लिहिते.

सानपाडा | १५ सप्टेंबर, सकाळी ९:१५

वाचतेय. डिसेंबरात आमचंही ठरतंय.

कळवेकर | १५ सप्टेंबर, सकाळी ११:२०

रेस्टॉरंटच्या मेनूकार्डावर आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं असतात, ती नीट बघा. पहिलं दहा टक्के सेवाशुल्काचं, दुसरं नऊ टक्के जीएसटीचं. आणि जीएसटी सेवाशुल्क धरून लागतो. आम्ही चौघांनी एका ठिकाणी ९० डॉलरचं जेवण मागवलं, बिल १०७ डॉलर ९१ सेंटचं आलं. टेबलावर आधीच ठेवलेले शेंगदाणे आणि ओले रुमाल यांचे वेगळे पैसे लागले ते निराळेच. नको असतील तर बसल्याबसल्या परत द्यायचे, कोणी वाईट वाटून घेत नाही. चिली क्रॅब खाणार असाल तर खेकड्याचा दर किलोवर असतो. वजन आणि एकूण रक्कम आधी विचारा, मगच हो म्हणा.

हॉकर सेंटरमध्ये सेवाशुल्क नाही. फळ्यावर लिहिलंय तेच द्यायचं.

घोडबंदरकर | १५ सप्टेंबर, दुपारी १२:०२

युनिव्हर्सल स्टुडिओ मात्र सोडू नका. मुलांसाठी तेच खरं सिंगापूर. आमचा मुलगा अजून आठवण काढतो.

मूळ_नौपाडा | १५ सप्टेंबर, दुपारी १:४५

घोडबंदरकर, तुमच्या मुलाला आवडलं हे खरंच आहे. पण तलावपाळी यांची लेक प्राणी मागतेय आणि आजींच्या गुडघ्यांना रांगेत उभं राहणं झेपणार नाही. अशा घरासाठी मी मंडाईचं प्राणिसंग्रहालय सांगेन. १९७३ चं आहे. पिंजऱ्यांऐवजी खंदक, पाणी आणि झाडी यांनीच प्राणी वेगळे ठेवलेत. ओरांगउटान डोक्यावरच्या दोरांवरून जातात. आत ट्राम आहे. खातिब स्टेशनवरून शटल बस मिळते. सकाळी दार उघडताच पोहोचा.

माझं म्हणणं असं की, चार दिवसांत मोठ्या तिकिटाच्या दोनच गोष्टी करा. एक लेकीची, एक सगळ्यांची. सगळ्यांची म्हणजे गार्डन्स बाय द बे मधली दोन काचघरं. एकात ढगांचं जंगल, पस्तीस मीटरचा धबधबा आणि हवा थंड. दुपारी जा, बाहेर उकाडा असतो तेव्हा. बाहेरची बाग फुकट आहे आणि रात्री ७:४५ आणि ८:४५ ला सुपरट्रीजचा, म्हणजे तिथल्या उंच कृत्रिम झाडांचा, प्रकाशाचा खेळ, तोही फुकट. ७:४५ चा बघून सावकाश पूल ओलांडून मरीना बे सँड्स हॉटेलच्या पलीकडे पाण्याकाठी या, तिथे ९ ला पाण्याचा आणि प्रकाशाचा दुसरा खेळ असतो. त्याच इमारतीच्या ५६ व्या मजल्यावर जायला तिकीट आहे, ते मी नेहमी वाचवते.

आणखी फुकट : बोटॅनिक गार्डन, १८५९ ची बाग, २०१५ पासून जागतिक वारसा. फक्त आतल्या ऑर्किडच्या बागेला तिकीट. पहाटे ५ ला उघडते. मलायातल्या रबराच्या लागवडीची सुरुवात या बागेत आलेल्या रोपांपासून झाली, झाड न मारता चीक काढायची पद्धत इथेच बसवली गेली. हेंडरसन वेव्हजचा लाकडी पूल फुकट, पण तिथे चढ आहे, आजींना नको. चांगी विमानतळावरचं ज्युएल, चाळीस मीटरचा घरातला धबधबा, तो परतीच्या दिवसासाठी ठेवा.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. प्रत्येकाची बाटली बरोबर ठेवा. दिवसाला दहा डॉलर तिथेच वाचतात.

पूर्वेकडची | १५ सप्टेंबर, दुपारी ३:३०

सामानाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. दिवाळीनंतर जाताय, तर फराळ नेणारच. लाडू, चकली, शंकरपाळे न्या, पण अनारसे घरी ठेवा. खसखस सिंगापूरमध्ये नेता येत नाही, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. आपल्याला हे सुचणारही नाही. च्युइंगम नेता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण चघळायची तंबाखू आणि गुटखाही चालत नाही, हे पुरुषमंडळींना सांगून ठेवा. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, यांना आधी परवानगी लागते. आजींच्या बाकीच्या औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या.

आणि एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, पोहोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत भरायचं. सरकारी साइटवर ते फुकट आहे. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइट पैसे घेतात. माझ्या बहिणीने चार जणांचे भरले.

तलावपाळी | १५ सप्टेंबर, रात्री ९:५०

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! पूर्वेकडची, अनारशांबद्दल शतशः आभार. सासूबाईंनी नेण्यासाठी वेगळा डबा काढायचं आधीच ठरवून ठेवलं होतं. चरईची, तुमचं बँकॉकचं वाचून मी बराच वेळ थांबले. थेपले फक्त विमानापुरते नेणार.

एक प्रश्न राहिला : चौघांना टॅक्सी परवडते की ट्रेनच बरी?

खाडीपूल | १५ सप्टेंबर, रात्री १०:३५

दोन्ही वापरा. एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, भाडं अंतरावर असतं, कार्डाने एका माणसाला साधारण एक ते अडीच डॉलर. स्वतःचं बँकेचं टॅप होणारं कार्ड चालतं, पण प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर चौघं जाता येत नाहीत. परदेशी कार्डाला दिवसाला थोडं शुल्कही लागतं. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे. आत खाणं-पिणं बंद, पाणीसुद्धा नाही, पाचशे डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. जवळचं अंतर असेल तर चौघांत टॅक्सी जवळपास ट्रेनच्याच भावात पडते. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मीटरवर पंचवीस टक्के आणि मध्यरात्रीनंतर पन्नास टक्के जादा लागतात, एवढं लक्षात ठेवा. आणि दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसा. त्या भाड्यात तशी शहराची सैर दुसरी नाही.

माझी एक आवडती जागा सांगतो, यादीत कुठे दिसणार नाही : मरीना बॅराज. समुद्राच्या तोंडाशी ३५० मीटरचं धरण, २००८ चं, नऊ पोलादी दारं. आत गोड्या पाण्याचा तलाव झाला, शहराच्या पिण्याच्या पाण्यात त्याची भर पडते. मोठा पाऊस आणि ओहोटी असेल तर दारं उघडून पाणी सोडतात, भरती असेल तर पंपाने उपसून बाहेर टाकतात. वाशी-नेरूळला सिडकोने बांधलेले होल्डिंग पाँड आठवतात ना? तेच तत्त्व. भरती असताना दारं बंद, पाणी तलावात साठवायचं, ओहोटीला सोडायचं. आपल्याकडे गाळ न काढल्याने ते तलाव उथळ झाले आणि खारफुटीने भरले, त्यामुळे पावसाळ्यात काय होतं ते नवी मुंबईकरांना सांगायला नको. बॅराजच्या छतावर हिरवळ आहे, लोक संध्याकाळी पतंग उडवतात. तिथे बसून मला फार वाटलं, आपल्या होल्डिंग पाँडवर अशी माणसं येऊन बसली असती तर ते इतके दुर्लक्षित राहिले नसते.

नेरूळकर | १६ सप्टेंबर, सकाळी ७:४०

खाडीपूल, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्या इथे ज्युएल ऑफ नवी मुंबईत सकाळी चालायला माणसं येतात आणि म्हणूनच त्या पाण्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. विषयांतराबद्दल क्षमा.

मूळ_नौपाडा | १६ सप्टेंबर, सकाळी ८:१०

शेवटची एक जागा. तलावपाळी, तुमच्या सासूबाईंना इतिहासाची आवड असेल तर पाडांगला न्या. एस्प्लनेड पार्कला लागून मोठं मैदान आहे. ५ जुलै १९४३ रोजी नेताजींनी इथे आझाद हिंद सेनेची मानवंदना घेतली आणि "चलो दिल्ली" ची हाक दिली. आझाद हिंद सरकारची घोषणा २१ ऑक्टोबर १९४३ ला कॅथे इमारतीत झाली, ती धोबी घाट स्टेशनजवळ. हो, स्टेशनचं नाव खरंच तेच आहे. पार्कात आझाद हिंद सेनेच्या स्मारकाच्या जागी एक फलक आहे. मूळ स्मारक १९४५ मध्ये उभं राहिलं आणि सिंगापूर पुन्हा ताब्यात आल्यावर इंग्रजांनी ते पाडलं. फलक १९९५ मध्ये बसवला. मर्लायनच्या पुतळ्यापासून पायी जाता येतं, रस्ता सपाट आहे.

तलावपाळी | १६ सप्टेंबर, रात्री ९:२०

सासूबाईंनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तलावपाळी | ४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

परत आलो. सगळ्यांनी इतकं दिलं, आता माझी पाळी.

पहिल्या सकाळी टेक्का. सासूबाई खाण्याकडे न जाता आधी बाजारात शिरल्या. शेवग्याच्या शेंगा, केळफूल, कढीपत्त्याच्या जुड्या, खोबरं खवून देणारा माणूस. म्हणाल्या, "हा तर आपला जांभळी नाक्याचा बाजार. फक्त ओरडत कोणी नाही." पंधरा मिनिटं त्या बाजार बघत होत्या आणि नवरा मासळीच्या बाजूला पापलेटं बघत होता.

मग मूळ_नौपाडा यांनी सांगितलेलं पुटू मायम मागितलं. पानावर तांदळाच्या पांढऱ्या शेवया, वर खवलेला नारळ आणि बाजूला नारिंगी साखर. सासूबाईंनी ताट पुढे ओढलं आणि गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अगं, या शिरवाळ्या." त्या मूळच्या राजापूरच्या. त्यांच्या आईकडे लाकडी साचा होता, दोन माणसांनी दाबायचा. लग्नानंतर ठाण्यात आल्या तेव्हा साचा मिळाला नाही, मग राहूनच गेलं. नारळाचा गोड रस तेवढा हवा होता म्हणाल्या. लेकीला शिरवाळ्या हा शब्दच माहीत नव्हता. तिला आजीने साचा कसा दाबायचा ते तिथे टेबलावर हातांनी करून दाखवलं. बाजूच्या टेबलावरच्या तमिळ आजी हसून मान हलवत होत्या, दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं.

चौघांचा नाश्ता आणि कॉफी मिळून १७ डॉलर झाले. चारही सकाळी आम्ही तिथेच गेलो. चौथ्या दिवशी गाळ्यावरच्या बाईंनी न सांगता सासूबाईंसाठी नारळ जास्त घातला.

कॉफीचं थोडं. नुसतं "कोपी" म्हटलं की आटीव दूध आणि साखर. "कोपी ओ" म्हणजे बिनदुधाची पण गोड. "कोसोंग" जोडलं की बिनसाखरेची. सासूबाईंना कॉफीत साखर नको असते, त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन "कोपी सी कोसोंग" मागून आणली. साखर नसलेलं आटीव दूध घातलेली.

दुसरा शोध पुटू पिरिंगचा, हेग रोडच्या हॉकर सेंटरला. तांदळाच्या पिठाची वाफवलेली छोटी वाटी, आत ताडगूळ, खाली पांदानच्या पानाचा तुकडा. कडेला थोडं मीठ घातलेलं खोबरं. पहिला घास घेऊन नवरा म्हणाला, "मोदक." अगदी तसंच नाही, पारी जाड आणि भुसभुशीत आहे, पण गूळ गरम असताना तोंडात सुटतो तेव्हा डोळे मिटतात. तिथे जरूर जा. माझ्या मते सगळ्या चार दिवसांतलं सर्वोत्तम खाणं हे, आणि पैसे किती, तर आपल्याकडच्या एका कॉफीच्या दुकानातल्या कॉफीपेक्षा कमी.

नवऱ्याने रेसकोर्स रोडवर माशाच्या डोक्याची करी खाल्ली. केरळी रश्शाचा मसाला आणि माशाचं डोकं आवडणारं चिनी गिऱ्हाईक, या दोघांच्या गाठीतून ती सिंगापुरातच जन्मली. ती स्वस्त नव्हती, पण एकदाच होती आणि त्याने हाडं साफ केली.

चुकलं कुठे, तेही सांगते. दुसऱ्या रात्री पाय दुखत होते म्हणून नदीकाठच्या एका दिसायला छान अशा जागी बसलो. कळवेकर यांचं सगळं वाचलेलं असूनही दोन अधिक चिन्हं नजरेतून सुटली. पाण्याचेही पैसे लावले, आणि भाजी म्हणून आलेल्या ताटात सासूबाईंना कोळंबी सापडली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता भात खाल्ला. मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ठिकाणी "नो फिश, नो प्रॉन, नो एग" असं एकेक नाव घेऊन सांगितलं. नुसतं "व्हेजिटेरियन" पुरत नाही.

मंडाईला लेकीने ओरांगउटानसमोर पाऊण तास काढला. आम्ही तिला उठवलं नाही. त्यामुळे निम्मे प्राणी बघायचे राहिले आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. काचघरात थंडी वाजते, शाल न्या. सुपरट्रीजच्या खाली लोक जमिनीवर पाठ टेकून झोपतात, तसेच आम्ही सगळे झोपलो, सासूबाईसुद्धा. त्यातली काही "झाडं" म्हणजे खालच्या बॉयलरचं धुराडं आहेत, हे खाडीपूल यांना सांगितलंच पाहिजे.

पाडांगला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. आदल्या दुपारी पाऊस झाला होता, गवत ओलं. (पाऊस रोज दुपारी येऊ शकतो, छत्री हातात असू द्या.) फलकापाशी पोहोचल्यावर सासूबाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. मूळ स्मारकावर तीन शब्द होते : इत्तेफाक, इत्माद, कुर्बानी (एकता, विश्वास, बलिदान). त्या मोठ्याने म्हणाल्या. मग लेकीला समोर बसवून सांगायला लागल्या, की राणी झाशी रेजिमेंट इथेच उभी राहिली, मळ्यांत रबराचा चीक काढणाऱ्या मजुरांच्या मुली तिच्यात भरती झाल्या, त्यातल्या बहुतेकींनी हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता. "आणि नाव कुणाचं घेतलं, तर आपल्या लक्ष्मीबाईचं." तीस वर्षं हा धडा शिकवला, ती जागा बघायला मिळेल असं कधी मनातही आलं नव्हतं, असं म्हणाल्या. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच होतो. त्या संध्याकाळी ठरवलेलं बाकी काही झालं नाही.

खर्च : खाणं ३४० डॉलर, त्यात ती नदीकाठची रात्र आणि माशाचं डोकं मिळून जवळपास निम्मे गेले. ट्रेन, बस, टॅक्सी ९० डॉलर. तिकिटं सगळ्यात जड, पण दोनच घेतल्यामुळे आवाक्यात राहिली. दीड लाखांतले पैसे उरले. घोडबंदरकर, थेपले विमानात संपले, पण तुमची किटली नेली होती. रात्री खोलीवर सासूबाईंच्या चहाला ती रोज लागली.

चरईची | ४ नोव्हेंबर, रात्री १०:३८

शिरवाळ्यांपाशी डोळे भरून आले. फार बरं केलंत.

घोडबंदरकर | ४ नोव्हेंबर, रात्री ११:१०

ताई, मनापासून आनंद झाला. पुढच्या वेळी आम्हीही पाकिटं कमी नेऊ. तुमचं पुटू मायम वाचून आई विचारतेय, ते रात्री मिळतं का?

मूळ_नौपाडा | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

पुटू मायम मुख्यतः सकाळचं. दहाच्या आत जा. तलावपाळी, मी इथे अकरा वर्षं राहते आणि त्या फलकासमोर कधी पाच मिनिटांहून जास्त थांबले नव्हते. या रविवारी मुलाला घेऊन जाणार आहे.

सानपाडा | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

डिसेंबरचं नक्की झालं. माझे सासरे व्हीलचेअरवर आहेत. टेक्का आणि पाडांग दोन्ही जमेल का?

तलावपाळी | ५ नोव्हेंबर, दुपारी २:१५

जमेल. लिटल इंडिया स्टेशनला लिफ्ट आहे, बाहेर पडलं की टेक्का समोरच. बाजाराच्या बाजूची फरशी ओली असते, खाण्याच्या बाजूने आत शिरा आणि कडेचं टेबल धरा, मधल्या रांगा अरुंद आहेत. रविवारी जाऊ नका, कामगारांची सुट्टी असते, लिटल इंडियात पाय ठेवायला जागा नसते. पाडांगसाठी एस्प्लनेड किंवा सिटी हॉल स्टेशन. पार्कातली वाट फरसबंदी आणि सपाट आहे, फलकापर्यंत खुर्ची जाईल. संध्याकाळी पाचनंतर जा, सूर्य तिथे वर्षभर सातच्या सुमाराला मावळतो, दोन तास मिळतात.

आणि शिरवाळ्यांचा साचा कुठे मिळतो हे कोणाला ठाऊक असेल तर सांगा. लाकडी हवा, दोन माणसांनी दाबायचा. स्टीलचा जांभळी नाक्याला मिळाला, पण सासूबाई म्हणतात पीठ गरम असताना तो फिरत नाही.

पूर्वेकडची | ५ नोव्हेंबर, दुपारी ३:००

माझ्या मावशीकडे आहे, मालवणला. वापरात नाही. विचारून कळवते.